कॅनडात मालिका का दिसत नाही?

(खापर, ता. अक्कलकुवा इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

पुढं बसलेल्या आबा-नानांना, मावश्यांना, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांनाही नमस्कार. पोरांनो, खुर्च्या रिकाम्या आहेत, बसा.

आम्ही म्हणजे दोघं भाऊ. बोलणारा एक दिसतो, दुसरा तिकडं माईकजवळ उभा आहे. आम्ही काही प्राध्यापक नाही, हे तुम्हांला माहीत आहे. तुमच्या घरांवर डिश बसवतो, मोबाईल उघडतो, चार्जिंगची पिन बदलतो. दुकान दोघांचं, म्हणून बोलताना 'आम्ही' येतं. मोठेपणा म्हणून नाही. या मालेत आजवर शेती झाली, आरोग्य झालं, इतिहास झाला. आमच्या वाट्याला विषय आला तो एका फोनवरून.

आपल्या गावातल्या बाई, निवृत्त शिक्षिका, तुमच्यापैकी निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली. त्या जानेवारीत मुलाकडं गेल्या, कॅनडात, टोरंटोजवळ. नातू झाला म्हणून. गुरुजी इथंच राहिले, शेत आहे, घरात म्हातारी आई आहे. तिकडं पोहोचल्यावर आठच दिवसांत बाईंचा फोन दुकानात. "अरे, माझी मालिका दिसत नाही. काहीतरी इंग्रजीत लिहून येतं. तुम्ही इथून काही करू शकता का?"

त्यांना वाटलं, डिशची दिशा हलली की आम्ही छतावर चढून नीट करतो, तसंच हेही असेल. आम्ही मुलाला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यावर लिहिलं होतं त्याचा अर्थ इतकाच, की हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही. ॲप तेच, तेच जे त्या इथं ओट्यावर बसून बघायच्या. पैसे भरलेले. इंटरनेट आपल्यापेक्षा दसपट चांगलं. बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर, नातू झोपलेला, आणि बाई एकट्या त्या पाटीकडं बघत बसलेल्या.

तर हे का होतं, कोण करतं, त्यावर लोक काय काय उपाय करतात आणि त्यातले कुठले अंगाशी येतात, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी हे बघा, की त्या ॲपला कळतं कसं, की बाई खापरमध्ये नाहीत?

आपल्या भागाचा पिनकोड 425 ने सुरू होतो. पत्रावर तो बघितला, की पत्र खानदेशात जायचं हे पोस्टातल्या माणसाला कळतं, मग आत काय लिहिलंय ते वाचावं लागत नाही. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला असाच एक आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. हे आकडे जगात पाच संस्था वाटतात. आपल्या आशिया-पॅसिफिकची संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे, युरोपची ॲम्स्टरडॅमला. त्या थोकात गठ्ठे देतात, आणि कुठला गठ्ठा कुठल्या देशातल्या कंपनीला गेला याची नोंद उघडी असते. काही कंपन्यांचा धंदाच असा, की या नोंदी घ्यायच्या, त्यात आपली माहिती घालायची आणि 'हा आकडा अमुक देशातला' अशी यादी विकायची. तुम्ही ॲप उघडलं, की पहिल्या क्षणाला तुमचा आकडा त्या यादीशी ताडला जातो. इंग्रजीत याला जिओ-ब्लॉकिंग म्हणतात. आपल्याकडं हे नाव ऐकलं, की लोकांना वाटतं जिओचं सिम बंद पडलं. तसं नाही. जिओ म्हणजे भूगोल. आपण त्याला देशबंदी म्हणू.

ही यादी बरोबरच असते असं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळ एक शेत आहे. यादी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला ज्या आकड्यांचा नेमका पत्ता माहीत नव्हता, पण देश अमेरिका एवढं माहीत होतं, ते सगळे तिनं देशाच्या साधारण मध्यावर टाकून दिले. तो मध्य नेमका या शेतावर पडला. 60 कोटींहून जास्त आयपी पत्ते एका शेतघरावर! मग कुणाची फसवणूक होवो, कुणाचा फोन चोरीला जावो, पोलीस आणि चिडलेले लोक त्या घराच्या दारात. वर्षानुवर्षं. 2016 मध्ये एका पत्रकार बाईनं शोध घेतला तेव्हा कारण कळलं. आमच्या शेतात उद्या असं झालं तर काय, असा विचार करून आम्ही दोन दिवस हसत होतो, पण त्या लोकांना हसू आलं नसणार.

आकड्याशिवायही खुणा असतात. मोबाईलचं ॲप स्टोअर कुठल्या देशाचं, पैसे भरलेलं कार्ड कुठल्या बँकेचं, लॉगिनचा मोबाईल नंबर +91 आहे का, फोनचं लोकेशन चालू आहे का. आपण सीमेवरची माणसं, आपल्याला हे समजायला अवघड नाही. नेत्रंगच्या रस्त्यानं सागबाऱ्याकडं निघालं, की फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर सोडून गुजरातचा धरतो आपल्याला कळतही नाही. पूर्वी रोमिंग लागायचं तेव्हा बरोबर कळायचं! माणूस तोच, बोली तीच, दोन्ही बाजूंना नातीगोती. पण टॉवरनं ठरवलं, की तुम्ही परमुलखात आहात.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा प्रश्न हाच आहे. बाई पैसे द्यायला तयार आहेत. मग गिऱ्हाईक परत पाठवायचं कशाला? आम्ही दुकानदार माणसं, आम्हांला हे पहिल्यांदा वेडेपणाच वाटला.

झालंय असं, की मालिका किंवा सिनेमा ही एक वस्तू नाही. तो हक्कांचा गठ्ठा आहे, आणि तो जमिनीसारखा तुकडे करून विकतात. थिएटरचा हक्क वेगळा, टीव्हीचा वेगळा, इंटरनेटचा वेगळा, आणि यातला प्रत्येक पुन्हा देशागणिक वेगळा. साहित्य-कलेच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे तो बर्नचा, 1886 चा. भारत त्यात 1928 पासून आहे. तेव्हापासून पद्धत हीच, की हक्क जगभर मानला जातो, पण त्याची अंमलबजावणी त्या त्या देशाच्या कायद्यानं. म्हणून विकणारा देश मोजून विकतो.

याचं सगळ्यांत ढळढळीत उदाहरण क्रिकेटचं. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क विकले गेले ते 48,390 कोटींना. पण एका माणसाला नाही. भारतीय उपखंडातली टीव्ही एकाला, 23,575 कोटींना. तिथलंच डिजिटल दुसऱ्याला, 20,500 कोटींना. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया वेगळं, अमेरिका वेगळी. ज्यानं फक्त भारताचे पैसे मोजले त्यानं टोरंटोत सामना दाखवला, तर तिकडचे हक्क घेणारा कोर्टात जाईल. त्यामुळं गिऱ्हाईक परत पाठवणं हा त्याचा माज नाही, करारातली अट आहे.

मालिकांचं आणखी बारीक आहे. कंपनीची स्वतःची मालिका असली, तरी त्यात लग्नाच्या प्रसंगात एखादं जुनं सिनेगीत वाजतं. त्या गाण्याचा हक्क तिसऱ्याकडं, आणि तो घेतलेला फक्त भारतापुरता. आणि फुकट दिसणाऱ्या गोष्टी तर पूर्ण जाहिरातीवर चालतात. साबणवाला पैसे देतो तो अक्कलकुव्यातल्या मावशीनं साबण घ्यावा म्हणून. टोरंटोतल्या बाईंनी ती जाहिरात बघून त्याला काय मिळणार? दाखवण्याचा खर्च होतो आणि उत्पन्न शून्य. उलट यूट्यूब तुम्ही जिथं असाल तिथली जाहिरात लावतं, म्हणून यूट्यूबवरचं बहुतेक सगळं सगळीकडं दिसतं.

आणि जिथं एकच खरेदीदार अख्ख्या जगाचे हक्क घेतो, तिथं हा प्रश्नच उरत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा 30 एप्रिल 2021 ला नेटफ्लिक्सवर आला, तो एका दिवशी देशोदेशी. म्हणजे मराठीत आहे म्हणून बंद, असं काही नाही. कागद कसा लिहिलाय त्यावर आहे.

कायद्यानं ठरवलं, तर हे बदलताही येतं. युरोपियन युनियननं 1 एप्रिल 2018 पासून नियम लागू केला, की एका सदस्य देशात पैसे भरून घेतलेली सेवा, माणूस तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला तरी चालू राहिली पाहिजे. जर्मनीतला माणूस सुट्टीत स्पेनला गेला, तर त्याची मालिका त्याच्याबरोबर जाते. आपल्या बाईंसाठी मात्र असा नियम भारत-कॅनडात नाही.

हे इंटरनेटमुळं सुरू झालं असंही समजू नका. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, 1981 ची. म्हणजे परदेशी मराठी माणूस तेव्हापासून आहे आणि त्याला घरचं बघायची भूक तेव्हापासून आहे. ऐंशीच्या दशकात सुटकेसमधून व्हिडिओ कॅसेट जायच्या. तिथं लावल्या, की नुसत्या रेघा! कारण आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, 625 रेषांची. अमेरिकेची एनटीएससी, 525 रेषांची. त्यांच्या व्हीसीआरला आपली कॅसेट वाचताच यायची नाही. मग दोन्ही पद्धती वाचणारं महागडं मशीन कुणा एकाच्या घरी असायचं आणि शनिवारी सगळे त्याच्याकडं. नंतर डीव्हीडी आली आणि तिच्यात तर मुद्दाम कुलूप घातलं. जगाचे सहा विभाग: अमेरिका-कॅनडा 1, युरोप-जपान 2, भारत 5, चीन 6. पाचाची डीव्हीडी एकच्या मशीनवर चालायची नाही. आमच्या हिंदी सिनेमावाल्यांनी बरं केलं, बऱ्याच डीव्हीडी बिनकुलपाच्या काढल्या. मग उपग्रह वाहिन्या आल्या, मग ॲपं. अमेरिकेत हॉटस्टार 2022 च्या शेवटी बंद झालं आणि त्यातला बराच मजकूर हुलू नावाच्या दुसऱ्या सेवेत गेला. इथं 2025 च्या फेब्रुवारीत हॉटस्टार आणि जिओ सिनेमा एक झाले. इथला माणूस नाव बदललं म्हणून नुसता कुरकुरतो, तिथला माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो.

आता थोडं चीनकडं जाऊ. हे आम्हांला फार गमतीचं वाटलं आणि थोडं वाईटही.

चीनमधून बाहेर गेलेली माणसं जगात कोट्यवधी. व्हँकुव्हर, सिडनी, सिंगापूर, कुठंही जा. त्यांच्या घरची ॲपं म्हणजे आयचीयी, योउकू, टेन्सेंट व्हिडिओ, बिलीबिली. आणि बाईंना दिसली तीच पाटी त्यांनाही दिसते: हक्कांच्या मर्यादेमुळं तुमच्या भागात उपलब्ध नाही. गाण्यांच्या ॲपमध्ये तर स्वतःच्याच यादीतली आवडती गाणी विमानातून उतरल्यावर करडी पडलेली असतात. दाबली तरी वाजत नाहीत.

चीनच्या आत राहणाऱ्याला बाहेरचं इंटरनेट बंद असतं हे आपण ऐकलेलं आहे. गूगल नाही, यूट्यूब नाही. ती बंदी ओलांडायला लोक जे करतात त्याला ते 'फानछिआंग' म्हणतात, म्हणजे भिंतीवरून उडी. पण बाहेर गेलेल्यांची अडचण उलटी. त्यांना आत यायचंय. त्यांच्यासाठीच्या सेवांना 'हुईग्वो' असं नाव पडलंय, म्हणजे मायदेशी परतणं. मालिका बघायला माणूस पैसे भरून, आकड्यापुरता का होईना, रोज संध्याकाळी मायदेशी परततो. पूर्वी ब्राउझरमध्ये घालायची 'अनब्लॉक योउकू' नावाची फुकट जोडणी त्यांच्यात फार चालायची. आणि विरोधाभास बघा. त्यांच्या नववर्षाच्या आदल्या रात्रीचा सरकारी टीव्हीचा मोठा कार्यक्रम 1983 पासून चालू आहे, आपल्याकडं जशी दिवाळी पहाट तसा, पण अख्ख्या देशाचा. तो परदेशातल्या लोकांसाठी अधिकृतपणे यूट्यूबवर दाखवतात. त्याच यूट्यूबवर, जे चीनमध्ये बंद आहे!

त्यांच्या कंपन्यांनीही पुढं बाहेरच्यांसाठी वेगळी ॲपं काढली. पण त्यात निवडक माल, आणि तोही परक्या प्रेक्षकाला आवडेल असा. आजीला हव्या असलेल्या गावरान गप्पांचा कार्यक्रम त्यात असेलच असं नाही. आपल्याकडंही परदेशी आवृत्तीत हेच होतं. मोठ्या मालिका मिळतात, बाकीचं राहतं.

आता व्हीपीएन. मागच्या पोरांनी मान वर केली, बघा.

व्हीपीएन म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावरून पत्र टाकणं. टोरंटोतून थेट ॲपकडं न जाता आधी भारतातल्या एका संगणकाकडं जायचं आणि त्याच्याकडून पुढं. ॲपला त्या संगणकाचा आकडा दिसतो. त्याला वाटतं, माणूस मुंबईत आहे. सोपं आहे. पण अडचणी तीन, चार... जेवढ्या आठवतील तेवढ्या सांगतो.

एक तर त्या संगणकाच्या एका आकड्यावरून शेकडो माणसं एकदम येतात. ॲपवाल्यांना ते दिसतं, ते तो आकडाच बंद करतात. दुसरं, 28 एप्रिल 2022 ला आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन चालवणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, आकडे पाच वर्षं जपून ठेवावेत. आम्ही नोंदी ठेवत नाही, यावरच ज्यांचा धंदा, त्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले संगणकच काढून घेतले. काहींनी सिंगापूर-लंडनमध्ये संगणक ठेवून त्याला भारताचा आकडा दिला. म्हणजे कॅनडातली बाई सिंगापूरमार्गे खापरची असल्याचं भासवते! चालतं कधी, कधी नाही. फुकटचे व्हीपीएन असतात त्यांच्या नादी लागू नका. सेवेला खर्च येतो, तो तुमच्याकडून घेतला नाही तर तुमची माहिती विकून काढतात.

कायद्याचं विचाराल, तर भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. ॲपच्या अटी मात्र मोडतात, ते खातं बंद करू शकतात. आखातात ज्यांची पोरं आहेत त्यांनी नीट ऐका. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कायद्यात गुन्हा करायला किंवा लपवायला आकडा बदलला तर दंड 5 लाख ते 20 लाख दिरहम, किंवा कैद, किंवा दोन्ही. मालिका बघणं हे त्यात धरतील का, यावर वकील वाद घालतील. पण पोराला दुबईत नोकरी लागलीय, त्यानं हा वाद स्वतःवर करून बघू नये असं आमचं मत.

यापेक्षा साधा अडथळा तर ओटीपीचा आहे. लॉगिनला भारतीय नंबर लागतो. बाई जाताना इथलं सिम घेऊन गेल्या, पण नव्वद दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. बंद झालं, की नुसती मालिकाच नाही, बँकेचा ओटीपीही गेला. म्हणून कुणी जाणार असेल तर जाण्याआधी आमच्याकडं किंवा कुठल्याही दुकानात येऊन सिम चालू कसं ठेवायचं ते विचारून जा. पैसे भरायचं म्हणाल, तर 2023 पासून कॅनडा, अमेरिका, अमिराती, सिंगापूर अशा दहा देशांतल्या नंबरांना एनआरई-एनआरओ खात्यावरून यूपीआय जोडायची सोय झालेली आहे.

आता जे सांगायचं ते आमच्या चुकीचं आहे. गुरुजींना विचारूनच सांगतोय, ते समोरच बसलेत.

बाईंच्या मुलाला कुठल्यातरी ग्रुपवर एक माणूस भेटला. सगळे मराठी चॅनल, वर्षाला 1,500 रुपये, जगात कुठंही. पण भारतातल्या फोनवर एक ॲप टाकून 'नंबर पडताळणी' करावी लागेल. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, व्हॉट्सॲपवर फाईल आली, एपीके. गुरुजी ती घेऊन आमच्या दुकानात आले. गर्दी होती. आमच्याकडच्या पोरानं फाईल टाकली, फोन विचारत गेला, मेसेज वाचू देऊ का, देऊ का, आणि पोरगं 'हो, हो' दाबत गेलं. पाच मिनिटांचं काम. त्या रात्री गुरुजींच्या खात्यातून 38,000 रुपये गेले. ॲप मेसेज वाचत होतं, ओटीपी तिकडं आपोआप पोहोचत होता. गुरुजींनी कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता.

सकाळी सहाला ते दारात उभे. फक्त एवढंच म्हणाले, "काय व्हयनं रे हाई?" आम्ही तिथूनच 1930 ला फोन लावला, सायबर फसवणुकीचा तो राष्ट्रीय नंबर आहे, लिहून घ्या, 1930. तक्रार लवकर गेली तर पैसे पुढं सरकायच्या आत वाटेतल्या खात्यात अडकवता येतात. 11,000 अडकले, ते काही महिन्यांनी परत आले. बाकीचे गेले. आम्ही निम्मे भरतो म्हणालो, गुरुजींनी घेतले नाहीत. तेव्हापासून दुकानात पाटी लावलीय: व्हॉट्सॲपवर आलेलं ॲप टाकून मिळणार नाही. गिऱ्हाईक भांडतं, भांडू दे.

आता तुम्ही म्हणाल, कॅनडा-चीनचं आम्हांला काय. आमची माणसं जातात ती बारडोलीला, सुरतेला, ऊसतोडीला. खरंय. दिवाळी झाली, की या तालुक्यातल्या वाड्याच्या वाड्या रिकाम्या होतात. त्यांना देशबंदी नाही. ॲप उघडतं, सगळं दिसतं. पण त्यात त्यांचं काय दिसतं? आपल्या बाजारात उभं राहा, भिली, मावची, पावरी, अहिराणी, गुजरी सगळं कानावर येतं. मोठ्या ॲपच्या भाषांच्या यादीत यातली एक तरी शोधून दाखवा. त्यांना घरचं बघायचं असतं तेव्हा ते यूट्यूबच उघडतात, कारण तिथं आपलीच पोरं टाकतात. 'हाई झुमकावाली पोर' कुठल्या कंपनीनं नाही पोहोचवलं, लोकांनीच पोहोचवलं.

तिथंही एक गोष्ट होते, तुमच्यापैकी कितीतरी जण तक्रार घेऊन आलेत. लग्नाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, इथं दिसतो, दुबईतल्या मामाला दिसत नाही. किंवा आवाजच गेला. कारण वरातीत डीजेनं सिनेमाचं गाणं लावलेलं. यूट्यूबकडं 2007 पासून एक यंत्रणा आहे, कंटेंट आयडी. ती प्रत्येक व्हिडिओचा आवाज हक्कवाल्यांनी दिलेल्या नमुन्यांशी जुळवते. जुळला, की हक्कवाला ठरवतो: चालू द्या आणि जाहिरातीचे पैसे मला, किंवा बंद करा, किंवा अमुक देशांत बंद करा. काठीच्या होळीचा पहाटेचा व्हिडिओ बघा. ढोल, पावरी, घुंगरू. त्यावर कुणाचा दावा येत नाही, सगळीकडं दिसतो. तीच गर्दी, पण मागं स्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत असेल, तर तो अडकू शकतो.

आणि जी पोरं स्वतः गातात, रोडालीवर किंवा लग्नावर गाणी करतात, त्यांनी एक ध्यानात ठेवा. कुणी गाणं विकत मागायला आला तर कागद वाचा. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्याचं कलम 19. हक्क लेखी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या भागासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणजे समोरच्याच्या कागदात 'जगभर, कायमचा' असे शब्द असतील, तर ते उगाच आलेले नाहीत. त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे मागा.

प्रश्न घेऊ. वेळ थोडा आहे.

एक ताई विचारतायत, की मग बाईंनी शेवटी केलं काय? सांगतो. कॅनडात त्या ॲपची जी अधिकृत आवृत्ती मिळते ती मुलानं घेतली, त्यात त्यांची एक मालिका आहे, एक नाही. रेडिओसाठी न्यूजऑनएअर घालून दिलं, सरकारी आहे, आकाशवाणीच्या 240 हून जास्त सेवा त्यावर थेट ऐकू येतात, परदेशातही. सकाळी पुणे केंद्र लावतात म्हणे, म्हणजे तिथली सकाळ, इथली संध्याकाळ. आणि जी मालिका मिळत नाही तिच्यासाठी गुरुजींनी स्वतःचा मार्ग काढला. संध्याकाळी साडेसातला टीव्हीसमोर स्टुलावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन, व्हिडिओ कॉल चालू. चित्र पिवळट दिसतं, आवाज घुमतो. मध्येच म्हातारी आई विचारते, सून जेवली का, तेही तिकडं ऐकू जातं. जाहिरात लागली, की दोघं बोलून घेतात.

नाना विचारतायत, हे तरी कायद्यात बसतं का. नाना, नवरा-बायकोच्या फोनमध्ये मागं टीव्ही चालू होता, एवढंच आम्ही म्हणू.

गुरुजींचा हात वर आहे. हो, गुरुजी... बरोबर. ते विचारतायत, मुलगा म्हणतो पुढच्या महिन्यात वेळ बदलणार, ते काय? गुरुजी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं घेतात. आता आपले साडेसात म्हणजे त्यांचे सकाळचे दहा. त्या रविवारपासून नऊ. तुम्ही काही बदलू नका, तांब्या साडेसातलाच ठेवा. बाईंना सांगा, नातवाची आंघोळ तासभर आधी उरकायची.